डोकेदुखी, दुपारी तीन ते पावणेसहा

आमच्या गावची मंडई भाऊबीजेनंतर तिसऱ्या दिवशी भरते आणि त्या दिवशी दुपारी तीन वाजता माझं डोकं दुखायला लागतं. पावणेसहाला थांबतं. गेल्या आठ वर्षांत यात पाच मिनिटांचाही फरक पडलेला नाही. गावाचं नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही. सालेकशाच्या रस्त्यावर, रुळांच्या अलीकडे, एवढं पुरे. अधिक तपशील शासनाकडे आहे.

मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे, हे पुण्यामुंबईच्या वाचकांना सांगून ठेवते. आमच्याकडे दिवाळी झाली की एकेका गावाची पाळी ठरलेली असते. त्या दिवशी त्या गावात आकाशपाळणे येतात, जिलेबीच्या कढया लागतात, दंडारीचा नाचगाण्याचा खेळ होतो, आणि जिथे जिथे सोयरीक आहे तिथून माणसं आपल्याकडे जेवायला येतात. आमच्या पोवारांच्या घरात सोयरीक नसलेलं गाव शोधावं लागतं. म्हणून पहाटेपासून मी तुमच्या पुऱ्या त्या आमच्या सुवाऱ्या तळते, तुमचे वडे ते आमचे बडे तळते, वांग्याच्या भाजीचं हंड्याएवढं गंज उतरवते. पहिली पंगत, दुसरी पंगत, मग उरलेल्यांची पंगत. मग भांडी. माझी डोकेदुखी अत्यंत जबाबदार आहे. शेवटची परात पालथी घातल्याशिवाय ती कधीही सुरू झालेली नाही.

पहिल्या वर्षी ती खरी होती. लग्नाचं पहिलं साल, रिंकी पोटात. तळणीच्या वासानं डोकं फुटायला आलं. सासूबाई म्हणाल्या, "राहू दे, तू पड." सगळं घर मंडईत गेलं. सासरे गेले, नणदा गेल्या, त्यांची पोरं गेली, पाहुणे गेले. दार लोटल्याचा आवाज झाला आणि त्या घरात मी पहिल्यांदा शांतता ऐकली. दहा मिनिटांत डोकं दुखायचं थांबलं.

मग मी माझी पेटी उघडली. लग्नात बाबांनी साड्यांच्या घडीत गुपचूप एक जाड कादंबरी ठेवली होती. तिचं मुखपृष्ठ आणि पहिली आठ पानं उंदरानं खाल्लेली. त्यामुळे तिचं नाव काय, लिहिली कुणी, हे मला आजही माहीत नाही. गोष्ट पान नऊपासून सुरू होते. सगुणा नावाची बाई रेल्वेच्या फाटकावर काम करते. नवरा एका गाडीत बसून गेला तो गेलाच. ती रोज फाटक लावते, फाटक उघडते. मी बाज अंगणात ओढली, पाय उन्हात आणि डोकं सावलीत येईल अशी. पायांवर गोधडी. बाजूला आल्याचा चहा, ताटलीत दोन अनरसे. पावणेसहाला सासऱ्यांचं खोकणं वळणावर ऐकू आलं तेव्हा मी पान बावन्नवर होते.

पुढच्या मंडईला तीन वाजले आणि माझं डोकं दुखलं.

बाकीच्या दिवशी वाचता आलं असतं, असं कुणी म्हणेल. त्यांनी माझे बाकीचे दिवस पाहिलेले नाहीत. असो. आठ मंडया झाल्या. सगुणाला शेवटी नवऱ्याचं पत्र आलं, पान तीनशे एकसष्टवर. पाकीट मांडीवर घेऊन ती बसली आणि गेल्या सालची मंडई संपली. एकवीस पानं उरली होती. वर्षभर मी भाकरी थापताना विचार करायची, काय असेल त्या पत्रात? लोक दिवाळीची वाट दिव्यांसाठी बघतात, कपड्यांसाठी बघतात. मी एकवीस पानांसाठी बघत होते.

दसऱ्यानंतर शाळेत 'घरोघरी सणपरंपरा' हे अभियान आलं. प्रत्येक मुलानं आपल्या घरची एक खास परंपरा लिहायची आणि मॅडमनी ती पोर्टलवर चढवायची. उद्देश, सणाचा आनंद वृद्धिंगत करणे. मुदत, शुक्रवार. दुसरीच्या सव्वीस मुलांपैकी पंचविसांनी लिहिलं, 'आमच्या घरी दिवाळीला फराळ करतात.' माझ्या रिंकीनं लिहिलं, 'मंडईच्या दिवशी माझ्या आईचं डोकं दुखते. सगळे मंडईत जातात. आई पुस्तक वाचते. मग डोकं चांगलं होते.'

"तू काऊन असं लिहिलं गं?" मी विचारलं.

"मॅडमनं म्हटलं, खरं लिहा."

"बाकीच्यांनी तर फराळ लिहिला ना?"

"त्यांनी समोरच्याचं पाहून लिहिलं. मी पहिल्या बाकावर बसते. माझ्यासमोर कोणीच नाही."

चूक तिची नव्हती. गेल्या साली फुगा फुटला म्हणून ती मध्येच घरी आली होती आणि मला पुस्तकासह बघून गेली होती. मी तिला दुसरा फुगा कबूल केला. गुप्ततेबद्दल काहीच ठरवलं नाही.

प्रेमिला मॅडमचा निरोप आला. त्या बिचाऱ्या फार ओशाळल्या होत्या. "ताई, खाद्य, नृत्य, वेशभूषा, पूजा असे पर्याय होते. डोकेदुखी कशातच बसेना. मी 'इतर' निवडलं. राग मानू नका." 'इतर' निवडल्यानं एवढं काय होणार, असं आम्हा दोघींनाही वाटलं.

पण पोर्टलला साम्य चालत नव्हतं. एकसारख्या नोंदी ते आपोआप बाद करत होतं. जिल्ह्यातला सगळा फराळ त्या एका रात्रीत बाद झाला. रांगोळी गेली, आकाशकंदील गेला, उटणं गेलं. साम्य शून्य टक्के अशा दोनच नोंदी उरल्या. एक माझी आणि दुसरी इटियाडोह धरणाकडच्या एका म्हाताऱ्याची, 'दिवाळीला काहीच न करणे'. काहीच न करतानाचा फोटो त्यांना जोडता आला नाही, म्हणून ती पुराव्याअभावी नामंजूर झाली. अशा रीतीने माझी डोकेदुखी जिल्ह्यात पहिली आली.

चौथ्या दिवशी सणोत्सव संवर्धन कक्षाचे तालुका समन्वयक इंद्रकुमार मोटारसायकलवर आले. तिशीचा सज्जन माणूस. चपला काढल्या, पाणी घेतलं, टॅब उघडला आणि अंगणात बसलेल्या सासूसासऱ्यांसमोर मला विचारलं, "मॅडम, परंपरा डाव्या बाजूला दुखते की उजव्या?"

माझ्या सासूबाई पुष्पाबाईंना काही कळेना. पुष्पाबाई कटरे म्हणजे गावात कुणाच्या म्हशीचं काय दुखतं हे सांगणारी बाई. इंद्रकुमारांनी त्यांना रिंकीची नोंद मोठ्यानं वाचून दाखवली. पुन्हा एकदा वाचून दाखवली.

"मंजे तुजं डोस्कं दुखतच नोहतं?" सासूबाई मला म्हणाल्या.

"पहिल्या साली दुखलं होतं, आई."

"अन् मी साऱ्या सोयऱ्यायले सांगून राहिली, सुनेले डोस्क्याची बिमारी आहे! तुज्या डोस्क्यासाठी मी नवस बोलली. चार साल झाले, वांगे सोडले मी! वांगे!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दर मंडईला शेकडो लोकांना वांग्याची भाजी वाढायच्या आणि स्वतः लोणच्याशी सुवारी खायच्या. मला वाटायचं, पित्त होत असेल. मी काही बोलणार, तोच इंद्रकुमार उत्साहानं म्हणाले, "नवससुद्धा आहे? फार छान. पूरक विधी म्हणून नोंदवतो. आता एकच अडचण. परंपरा म्हणायला किमान दोन पिढ्या लागतात. आजी, तुमचंही डोकं दुखत असेल ना मंडईला?"

"माले कायले दुखन? माले टाइम नोहता."

"दुखलं असेल तर आपणास 'परंपरावाहक' म्हणून शाल, श्रीफळ आणि भाषण आहे."

माझे सासरे रामलालजी पुढे सरकले. ते म्हणाले, "दुखत असन ना वो. आठवून पाय."

सासूबाईंनी बराच वेळ आठवलं. मग म्हणाल्या, "लिहा. अडतीस साल झाले, दुखते." अंगठा देऊ लागल्या, मग मागे घेऊन सही केली. चौथी शिकलेल्या आहेत.

वैद्यकीय दाखलाही लागला. डॉक्टरांनी तपासून लिहिलं, आजार नाही. कक्षानं कळवलं की आजार नसल्यास डोकेदुखी सिद्ध होत नाही. आम्ही पुन्हा गेलो. डॉक्टरांनी लिहिलं, आजार आहे. कक्षानं कळवलं की आजार असल्यास प्रकरण आरोग्याकडे जाईल, संस्कृतीकडे नाही. तिसऱ्यांदा डॉक्टरांनी लिहिलं, 'सांस्कृतिक स्वरूपाची वेदना आढळली.' ते मंजूर झालं. मात्र ते लिहिताना त्यांनी स्वतःच्या कपाळाला हात लावला होता.

मग फोटो. माझा नवरा भुपेंद्र आठवडाभर कुडव्याला असतो, तिथे त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. रविवारी आला आणि मला बाजेवर बसवून म्हणाला, "जरा दुखव ना. आणखी थोडं." पहिला फोटो परत आला, चेहरा समाधानी आहे. दुसरा परत आला, वेदना अधिक असून आनंद निर्देशांकास बाधक आहे. तिसऱ्या फोटोच्या वेळी चुलीवर दूध उतू गेलं, रिंकीनं शाई सांडली आणि दारात नणदेचे सासरे येऊन उभे राहिले. त्या क्षणी मी पाहुण्यांना बघून हसले. तो फोटो पहिल्या फटक्यात मंजूर झाला. आता तो जिल्ह्याच्या फलकावर आहे.

"तू मला सांगायचं होतं," भुपेंद्र परत जाताना म्हणाला. "मी दर साली गोळ्यांचं पाकीट आणून ठेवत होतो."

"ठेवलीत ना सगळी. एकही फोडलं नाही."

"ते मला माहीत आहे," तो म्हणाला आणि गाडीला किक मारली. तो नेमकं किती वर्षांपासून हे जाणून होता, हे विचारायचं राहून गेलं.

पुस्तकापाशी मात्र गाडी अडली. 'परंपरेचे साधन' या रकान्यात पुस्तकाचं नाव सक्तीचं होतं. माझ्या पुस्तकाला नावच नव्हतं.

"मग नाव नसलेलं पुस्तक पोर्टल घेत नाही," इंद्रकुमार म्हणाले. "मूळ साधन म्हणून जमा करावं लागेल. मंडईच्या दिवशी तुम्हालाच मिळेल. प्रस्तावाला एक नमुना पान जोडावं लागतं, ते मी बघून घेतो."

"त्यात माझी एकवीस पानं उरलीयत हो."

"काळजीच करू नका," म्हणत त्यांनी पावती लिहून दिली. 'पुस्तक, एक नग, जुने.' मी त्या पावतीची घडी साडीत ठेवली, बाबांनी पुस्तक ठेवलं होतं तशी.

आमचे सरपंच दुर्गाप्रसाद यांनी ग्रामसभा बोलावली. जिल्ह्यात पहिलं आलेलं दुखणं एकाच घरात ठेवणं स्वार्थीपणाचं होईल, असं त्यांनी मांडलं. गावातल्या सर्व महिलांचं डोकं मंडईच्या दिवशी दुपारी तीन ते पावणेसहा सामूहिकरीत्या दुखेल, असा ठराव हात वर करून मंजूर झाला. हात पुरुषांचे होते. बायका भिंतीशी होत्या, पण त्यांच्यात अशी खुसफुस चालली होती जशी मी गावात कधी ऐकली नव्हती. पावणेतीन तास! कुणी दूध तापवत नाही, कुणी चष्मा शोधून देत नाही.

शेजारची मंजू तर उभीच राहिली. "साहेब, माले सकाळपासूनच दुखावं असं वाटते. चालते का?"

"नाही," इंद्रकुमार म्हणाले. "वेळेआधी दुखल्यास ते वैयक्तिक समजण्यात येईल."

मग कुणीतरी विचारलं की जिल्ह्यावरून साठ पाहुणे डोकेदुखी बघायला येणार, त्यांचं जेवण कोण करणार. सभा विचारात पडली. माझे सासरे प्रामाणिक माणूस. ते म्हणाले, "कोण मंजे? बाया आहेत ना." त्यामुळे वेळापत्रकात दुरुस्ती झाली. 'दुपारी तीन ते पावणेसहा: डोकेदुखी (कामासह).'

मंडईचा दिवस उगवला. शाळेच्या पटांगणात मांडव पडला. फलकावर लिहिलं होतं, 'शांततेकडून आनंदाकडे', आणि त्याच्या दोन्ही बाजूंना माणसाएवढे भोंगे होते. प्रत्येक बाईला एक खुर्ची, बामची एक डबी आणि वाचनासाठी अभियानाची मार्गदर्शक पुस्तिका. निम्म्या बायका खुर्चीवर आणि निम्म्या मागे कढईवर, दर वीस मिनिटांनी अदलाबदल. बरोबर तीन वाजता निवेदकानं सांगितलं, "सर्व भगिनींच्या डोकेदुखीस आता प्रारंभ होत आहे." सनई वाजली. "भगिनींनी कृपया शांत वाचन करावे." हे तो दर दोन मिनिटांनी सांगत होता, कारण त्याच्या आवाजामुळे शांतता होत नव्हती. गावातले पुरुष मंडईत जायचे, ते यंदा बायकांचं दुखणं बघायला मांडवात आले. मंडईचं मैदान ओस पडलं. पाळणेवाला स्वतःच एका पाळण्यात बसून होता.

मंचाच्या बाजूला, शाळेची ढाल ठेवायच्या काचेच्या पेटीत, झेंडूचा हार घातलेलं माझं पुस्तक उघडून ठेवलं होतं. डावीकडे पान तीनशे बासष्ट, उजवीकडे तीनशे त्रेसष्ट. मला 'परंपरा-जननी' असा बिल्ला लावून पेटीशेजारी उभं केलं होतं. लोक रांगेनं येत, पेटीसोबत फोटो काढत, मग माझ्यासोबत. कुणी मध्ये आलं नाही की मी काचेतून वाचून घ्यायची. ती दोन पानं मी अकरा वेळा वाचली. सगुणा दगडावर बसलेली आहे. पाकीट मांडीवर आहे. सिग्नल पडलेला आहे. तिनं पदराला हात पुसले आणि. 'आणि'नंतर पान उलटायचं होतं. चावी इंद्रकुमारांकडे होती.

"साहेब, फक्त एक पान उलटून द्या."

"मॅडम, पाहुण्यांच्या हस्ते उलटायचं आहे. पत्रिकेत छापलंय."

मुख्य पाहुणे साडेतीनला आले. त्यांनी पुढल्या वर्षी सर्व तालुक्यांत डोकेदुखीचं उद्दिष्ट ठरवून देण्याची घोषणा केली. पान उलटायला ते पेटीपाशी आले, पण फोटो पान उलटण्याआधीच चांगला आला, म्हणून परत जाऊन बसले. चावी पेटीलाच राहिली.

मग परंपरावाहक पुष्पाबाईंचं भाषण. शाल पांघरून त्या उभ्या राहिल्या. इंद्रकुमारांनी लिहून दिलेला कागद त्यांनी बोट ठेवून वाचला, "ही डोकेदुखी मला माझ्या सासूबाईंकडून मिळाली." मांडवातल्या बायकांनी अशी टाळी दिली की निवेदकाला दोनदा 'शांत, शांत' म्हणावं लागलं. सासूबाईंनी कागद उलटा करून बघितला. मागे काही नव्हतं. त्यांनी तो घडी करून कनवटीला खोचला.

"अडतीस मंडया झाल्या माज्या या गावात," त्या म्हणाल्या. "पाळण्यात कधी बसली होती, आठवून पाहून राहिली. आठवत नाही. सकाळी तळा, दुपारी वाढा, मंग पोरं सांभाळा, मंग रातच्याचं. डोस्कं दुखते म्हणायले बी टाइम लागते, बाप्पा. अन् असं म्हणता येते, हे माले कोणी सांगितलंच नाही. हे सून आली तवा समजलं. तेबी आता."

निवेदक म्हणाला, "जोरदार टाळ्या." कुणी वाजवल्या नाहीत.

सासूबाई मंचावरून उतरल्या. पेटीपाशी आल्या, चावी फिरवली आणि हारासकट पुस्तक उचलून पदराखाली घेतलं.

"आजी, आजी! ते शासकीय साधन आहे!" इंद्रकुमार धावत आले.

"साहेब, माजं डोस्कं दुखून राहिलं."

"हो, पण कार्यक्रम अजून..."

"यादीत नाव आहे ना माजं?"

"आहे."

"टाइम कोणता?"

"तीन ते पावणेसहा."

"मंग दुखू द्या ना." माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, "चल वो रेणू. घरी चल."

आम्ही मांडवाच्या कनातीपर्यंत पोचलो असू, तेवढ्यात मागून मंजूचा आवाज आला, "माजंबी दुखते साहेब, खूपच दुखते." मग खुर्च्या सरकल्याचा आवाज. मग झारा कढईत टाकून दिल्याचा.

घरी कोणी नव्हतं. दार लोटलं. चार वाजून पाच मिनिटं झाली होती. बाज मी ओढली आणि यंदा ती जरा लांब ओढली, दोघींचे चारही पाय उन्हात येतील एवढी. चहा मांडला. सासूबाई सैपाकघरात गेल्या आणि सकाळच्या गंजातली वांग्याची भाजी खोल ताटलीत काढून आल्या. गोधडीच्या दुसऱ्या टोकाला पाय घालून बसल्या. पहिला घास घेतला आणि बराच वेळ डोळे मिटून चावत राहिल्या.

"चार साल," त्या म्हणाल्या. मग डोळे न उघडता, "वाच. मोठ्यानं वाच."

आधीची तीनशे त्रेसष्ट पानं मी त्यांना पाच मिनिटांत सांगितली. "एवढ्याले आठ साल लागले तुले?" त्या म्हणाल्या, पण सगुणाचा नवरा निघून गेला तिथे त्यांनी हात थांबवला होता. मी पान उलटलं. वाचत गेले. मैदानाकडून बायकांच्या किंकाळ्या येऊ लागल्या. दुखणं वाढलं की काय म्हणून मी थांबले, तर सासूबाई कान देऊन म्हणाल्या, "नाही. पाळण्यातल्या आहेत." तिकडे साठ पाहुणे थंड तेलाच्या कढयांभोवती उभे होते, असं नंतर कळलं. कार्यक्रमाच्या अहवालात त्याची नोंद अशी आहे: 'डोकेदुखी अपेक्षेपेक्षा अधिक यशस्वी झाली.'

दुपारची गाडी रुळांवरून गेली. ऊन गोधडीवरून बाजेच्या काठावर आलं. पान तीनशे ऐंशीवर सगुणानं दिवा खाली ठेवला, पाकिटाची कड दोन बोटांत धरली आणि.

मी उजवीकडे पाहिलं. पुढचं पान नव्हतं. त्याच्या जागी टाचणीनं लावलेली चिठ्ठी होती: 'शेवटचे पान सुटे असल्याने नमुना म्हणून प्रस्तावासोबत जोडले आहे. — ता. सम.'

मी रडले. लपवत नाही. नऊ मंडया, एका पानासाठी. सासूबाईंनी चिठ्ठी माझ्या हातून घेतली, उलटीसुलटी बघितली, ताटलीखाली ठेवली.

"फाडलं नसन तिनं पाकीट," त्या म्हणाल्या.

"काऊन, आई?"

"गाडीचा टाइम झाला असन. फाटक कोण लावन?"

वळणावर सासऱ्यांचं खोकणं ऐकू आलं. पावणेसहा वाजले होते. दर साली त्या वेळी मी पुस्तक लपवते. यंदा सासूबाईंनी माझ्या हातावर हात ठेवला आणि त्या खोकल्याच्या दिशेनं, बसल्या जागेवरून ओरडल्या, "अजून दुखून राहिलं! चहा तुम्हीच मांडा!" खोकला एकदम बंद झाला.

शेवटचं पान परत मिळावं म्हणून मी रीतसर अर्ज केला. उत्तर आलं की पान मूल्यमापनाधीन आहे, परंतु त्यातील मजकूर सार्वजनिक असल्याने नमुना 'ग' भरणाऱ्या कोणाही नागरिकास त्याची प्रत मिळेल. नमुना सोपा आहे. फक्त रकाना सात सक्तीचा आहे: 'आपण वाचत असताना आपल्या घरातील महिला काय करीत होती? नाव लिहून तिची स्वाक्षरी घ्यावी.' मी लिहिलं, 'सासूबाई शेजारी बसून वांग्याची भाजी खात होत्या.' अर्ज परत आला. उत्तर दिलेल्या पर्यायांत बसत नाही. पर्याय तीन आहेत: स्वयंपाक, भांडी, पाहुण्यांची सरबराई.

मी इंद्रकुमारांना फोन केला. ते मनापासून हळहळले. म्हणाले, "तुमच्याच्यानं नाही होणार मॅडम. दुसरं कोणी असेल तर बघा. सुट्टीच्या दिवशी घरात निवांत वाचत बसणारं."

म्हणून हे तुम्हाला लिहिलं. सगुणानं पाकीट फाडलं की नाही, हे तुम्हालाही जाणून घ्यायचं असेल, तर नमुना 'ग' भरा आणि एक प्रत आम्हालाही पाठवा. तुमचं उत्तर तिन्ही पर्यायांत कुठेतरी बसेलच. सहीसाठी उठायची गरज नाही. रिकामा कप न्यायला ती येईल, तेव्हा घ्या.